टोमॅटोवरील व्हायरस: नावावरून वाहक ओळखा, मग फवारणी ठरवा

जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांत उन्हाळी टोमॅटोच्या लागवडी सुरू झाल्या की पाने वळलेले पहिले झाड दिसताच 'व्हायरस आला' म्हणून हाताशी असेल ते कीटकनाशक फवारले जाते, आणि खर्च होऊनही रोग थांबत नाही. 2020 च्या उन्हाळ्यात फळांवर रंगाचे पट्टे उमटले तेव्हा शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' म्हटले. ओळख पटवायला हे नाव चांगले होते, पण रोग कोणती कीड पसरवते, हे त्यातून कळत नव्हते. शास्त्रीय नावातून ते बऱ्याच अंशी कळते.

घेवड्यावरील 'बीन गोल्डन मोझॅक' या रोगाच्या तीन शब्दांची सुरुवातीची अक्षरे घेऊन 'बेगोमो' हे गटनाव तयार झाले. या गटातील विषाणू पांढरी माशीच पसरवते. त्यात नवा नमुना सापडला की त्याची जनुकीय रचना आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात; साम्य 91 टक्क्यांपेक्षा कमी भरले तर जाती नवी, आणि त्याहून अधिक पण 94 टक्क्यांपेक्षा कमी भरले तर जाती तीच, उपप्रकार नवा मानतात. नावातील गाव किंवा पीक मात्र शब्दशः घेऊ नये. 'टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली' हा विषाणू काकडी, दोडका, भोपळ्यावरही येतो, म्हणून टोमॅटोच्या बांधाला लागून वेलवर्गीय पीक घेणे आम्हाला धोक्याचे वाटते.

टोमॅटोवरही येणारा काकडी मोझॅक विषाणू (गट: कुकुमोव्हायरस) मावा काही सेकंदांच्या टोचणीत झाडात सोडतो, त्यामुळे औषधाने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. येथे भर द्यावा तो 40 ते 50 मेश (इंचाला तेवढी छिद्रे) जाळीतील रोपांवर, चंदेरी मल्चिंगवर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिक कागद) आणि लागवडीआधी कडेने पेरलेल्या मक्याच्या दाट ओळींवर. शेंडा करपून देठावर काळपट चट्टे आले असतील तर टॉस्पोव्हायरसची शंका घ्यावी. हा विषाणू फुलकिडे पसरवतात. तो पिल्लावस्थेतच त्यांच्या शरीरात शिरतो आणि पुढे प्रौढ कीड तो आयुष्यभर वाहते, म्हणून पिल्ले असतानाच नियंत्रण करावे. पांढऱ्या कागदावर फूल हलकेच झटकले की बारीक, पिवळसर, काडीसारखी पिल्ले सरपटताना दिसतात.

लक्षणांवरून खात्री होत नसेल तर नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. रोगट झाड काढायचे ते भल्या सकाळी, पांढरी माशी सुस्त असताना. आधी झाडावर पिशवी चढवावी, मगच ते उपटावे, नाहीतर उडालेली माशी शेजारच्या ओळीवर जाऊन बसते.