कायओएस फोनवर स्वतःचं ॲप चढवताना

कायओएस ही मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवरून पुढे आलेली, बटणांच्या साध्या फोनसाठीची प्रणाली. तिच्यातलं ॲप म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचं साधं वेबपानच. खालची कृती नोकिया ८११० ४जी आणि कायओएस २.५ साठी आहे. जिओफोनही कायओएसवरच चालतो, पण त्यात हा मार्ग बंद ठेवलाय. तिथे वेळ घालवू नका.

एका फोल्डरमध्ये पान, स्क्रिप्ट, ५६ आणि ११२ पिक्सेलचे दोन आयकॉन आणि मॅनिफेस्ट (ॲपची माहिती सांगणारी फाइल) ठेवा. मॅनिफेस्टच्या नावाचा शेवट 'डॉट वेबॲप' असा हवा. त्यात सुरुवातीच्या पानाचा पत्ता तिरक्या रेघेनेच सुरू करा. यादीतल्या शेवटच्या ओळीनंतर राहिलेला एक स्वल्पविरामही ॲप चढू देत नाही.

फोनवर *#*#३३२८४#*#* दाबा. वरच्या पट्टीत किड्याचं चिन्ह दिसलं की डीबग (संगणकावरून ॲप चढवण्या-तपासण्याची सोय) सुरू झालं. यूएसबीने जोडून संगणकावर एडीबीच्या (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या) यादीत फोन दिसतो का बघा. दिसत नसेल तर आधी केबल बदला; पुष्कळ केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. मग एडीबीनेच संगणकाचा ६००० पोर्ट फोनच्या डीबगर सॉकेटकडे (डीबगच्या जोडणीच्या टोकाकडे) वळवा.

आता लागतो फायरफॉक्स ५९, कारण नव्या आवृत्त्यांचं कायओएसच्या जुन्या इंजिनाशी (वेबपान चालवणाऱ्या भागाशी) जमत नाही. टाकल्या टाकल्या त्याचं ऑटो-अपडेट बंद करा. शिफ्ट आणि एफ८ दाबून वेबआयडीई (फायरफॉक्समधलं ॲप चढवायचं साधन) उघडा, रिमोट रनटाइममध्ये लोकलहोस्ट ६००० द्या, पॅकेज्ड ॲप म्हणून फोल्डर निवडा आणि त्रिकोणी बटण दाबा.

आणि पडदा पांढराच राहतो! हे फार जणांच्या बाबतीत होतं. कायओएस २.५ चं इंजिन गेको ४८ म्हणजे २०१६ चं. त्याला असिंक-अवेट (वेळ लागणारी कामं लिहिण्याची जावास्क्रिप्टची नवी पद्धत) कळत नाही, सीएसएस ग्रिड ही पानाच्या मांडणीची पद्धतही नाही. असिंक-अवेटचा एक शब्द आला तरी ती अख्खी स्क्रिप्ट फाइल वाचलीच जात नाही. त्यांच्याऐवजी प्रॉमिस आणि फ्लेक्सबॉक्स या जुन्या पद्धती मात्र बिनधास्त वापरा. मॅनिफेस्टमध्ये ॲपचा प्रकार 'प्रिव्हिलेज्ड' (जादा परवानग्यांचा) ठेवला असेल, तर एचटीएमएलमध्येच लिहिलेली स्क्रिप्ट किंवा बटणावरचं 'ऑनक्लिक' सुरक्षा-नियमामुळे चालत नाही. सगळं वेगळ्या फाइलमध्ये न्या.

टच नाही, पडदा २४० बाय ३२० चा. म्हणून बाणांच्या बटणांनी फोकस हलवणं आणि 'सॉफ्टलेफ्ट', 'सॉफ्टराइट' ही पडद्याखालची डावी-उजवी बटणं हाताळणं तुम्हालाच लिहावं लागतं. बॅकस्पेस अडवला नाही तर ॲप थेट बंद होतं. पण सरसकट अडवलात तर लिहिलेलं अक्षर खोडता येत नाही. लिहायच्या चौकटीत मजकूर असेल तेव्हा बॅकस्पेस मोकळा सोडा.

मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट पॅकेजमध्येच घाला. ओळीची उंची फॉन्टच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर 'र्की'मधला रफार वर कापला जातो.