मेथीच्या वाफ्यातून गणित आणि विज्ञान

1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींच्या 'नई तालीम'चा विचार पुढे आला, तेव्हा हाताचे काम हा अभ्यासाला जोडलेला आणखी एक विषय न राहता त्या कामातूनच इतर विषय शिकवावेत, असा त्याचा गाभा होता. घरामागच्या चार हात जागेतही हे करता येते. मात्र काम खरे असावे, म्हणजे पिकलेली भाजी घरच्या ताटात यावी.

चौथी ते सहावीच्या मुलांसाठी मेथी सोयीची, कारण ती साधारण महिनाभरात काढणीला येते. पेरणीपूर्वी मुलांकडून शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. चार-पाच दिवसांत त्यांतले ऐंशी उगवले, तर उगवण 80 टक्के झाली. मग चारशे रोपे हवी असतील तर दाणे किती पेरावे लागतील, हा प्रश्न बहुधा मुलेच विचारतात, आणि त्यांनी तो विचारेपर्यंत मोठ्यांनी धीर धरावा, असे मला मनापासून वाटते.

वाफा 2 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद आखावा. कोपरा काटकोनात आला की नाही हे पाहण्यासाठी एका कडेवर 30 सेंटीमीटरवर आणि दुसऱ्या कडेवर 40 सेंटीमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर 50 भरले, तर कोपरा काटकोनी आहे. पायथागोरसचा सिद्धांत पुढे वर्गात येईल तेव्हा मुलांना हा कोपरा आठवेल.

पाण्याचा हिशेब मला सर्वांत मोलाचा वाटतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून त्यात साचलेले पाणी पट्टीने मोजावे. 5 मिलिमीटर भरले, तर आपल्या वाफ्याला 10 लिटर मिळाले, म्हणजे पाच लिटरच्या दोन झाऱ्या वाचल्या. तरीही आज पाणी द्यायचे का, हे मातीला विचारावे: मूठभर माती दाबून गोळा करावा आणि बोटाने हलकेच ढकलावा. तो सहज फुटला तर वाफसा आहे, म्हणजे मातीत ओलावा आणि हवा दोन्ही पुरेसे आहेत; चिकटून राहिला तर पाणी देऊ नये. मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते, हे यातून कळते.

काढणीच्या वेळी काही रोपे मुळासकट हळूच उपटून धुवावीत. मुळांवर बारीक गाठी दिसल्या, तर एखादी नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी निघाली, तर तिच्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देत आहेत.

रोजची नोंद मुलांनी आपल्या शब्दांत लिहावी. शुद्धलेखनाच्या चुका त्याच दिवशी काढू नयेत. खुरपे वापरताना मोठ्यांनी जवळ असावे, कामानंतर हात साबणाने धुवून घ्यावेत. हे काम शिक्षा म्हणून मात्र कधीही देऊ नये. भाजी निघाली की तिचे वजन करून त्या दिवशीच्या बाजारभावाने किंमत काढावी, बियाण्याचा खर्च वजा करावा आणि उरलेला आकडा मुलांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहावा.