अणुभट्टीला गॅस टर्बाइन: जास्त वीज कशी काढायची?

भाच्या, वाळव्याच्या साखर कारखान्यात वाफेच्या टर्बाइनवर असतो म्हणून मला विचारलंस की अणुभट्टीत तापलेल्या हेलियम वायूनं थेट टर्बाइन फिरवून जास्त वीज कशी काढायची, तर ऐक.

आधी तापमान, तेही केल्विनमध्ये (सेल्सिअस अंशांत २७३ मिळव). ३०० अंशांची उष्णता नि बाहेर ३० अंश, तर कार्नोची मर्यादा, म्हणजे उष्णतेतला जास्तीत जास्त किती भाग कामात बदलू शकतो ती, ४७ टक्के. हेलियम ८५० अंशांवर आला की ७३. हाती कमीच लागतं म्हणा. (चीनमधली शिदाओवानची हेलियम भट्टी अजून वाफेवरच वीज काढते.)

मग रिक्युपरेटर, म्हणजे वाया जाणारी उष्णता परत वापरणारा उष्णता-विनिमयक, घाल. टर्बाइनमधून सुटलेला हेलियम तापलेलाच असतो. त्याच्यावर भट्टीकडे परतणारा हेलियम तापवून घे. हे नसेल तर बाकी खटाटोप फुकट.

टर्बाइनचं बरंचसं काम हेलियम दाबून भट्टीकडे पाठवणारा कॉम्प्रेसरच खातो. म्हणून वायू दोन टप्प्यांत दाबून घे, मध्ये त्याला थंड करणारा इंटरकूलर. बाहेर ३० ऐवजी सांगलीच्या एप्रिलातले ४० अंश धरून हिशेब पुन्हा मांड. दाबाचं गुणोत्तर, म्हणजे कॉम्प्रेसर दाब किती पट करतो ते, उगाच वाढवू नकोस. रिक्युपरेटर असताना दोन-तीन पुरे.