घरी फोटो प्रिंट करताना रंग बिघडतात? आधी फोटोला हात लावू नका

स्क्रीनवर फोटो मस्त दिसत असतो आणि प्रिंट बाहेर येते ती काळपट, चेहरे लालसर, आकाश जांभळट. मग बहुतेक जण काय करतात, तर फोटो परत एडिटरमध्ये उघडतात, थोडा ब्राइटनेस वाढवतात, थोडा लाल कमी करतात, परत प्रिंट देतात. मीपण कितीतरी महिने हेच केलं, एक फोटो कसाबसा जमायचा आणि पुढचा बिघडायचा, शाई आणि कागद जायचा तो वेगळाच. कारण चूक फोटोत नव्हतीच, ती स्क्रीनपासून कागदापर्यंतच्या रस्त्यात कुठेतरी होती. तो रस्ता एकदा नीट केला की सगळेच फोटो नीट यायला लागतात.

सुरुवात स्क्रीनपासून. "प्रिंट काळपट येते" ही जी सगळ्यात कॉमन तक्रार आहे ना, त्यात बहुतेक वेळा प्रिंट बरोबर असते आणि स्क्रीन गरजेपेक्षा खूप उजळ असते. प्रिंटसाठी मॉनिटरचा उजेड साधारण ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर पुरतो, नवीन मॉनिटर डब्यातून काढला की त्याच्या दुपटीहून जास्त उजेड मारत असतो. मोजायचं यंत्र नसेल तर एक साधी युक्ती करा, नेहमीच्या उजेडात एक कोरा पांढरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा, स्क्रीनवर पांढरं पान उघडा आणि ब्राइटनेस कमी करत जा, जोपर्यंत स्क्रीन दिव्यासारखी न दिसता कागदासारखी दिसत नाही. पहिले दोन दिवस फारच अंधारं वाटेल, मग डोळे सरावतात. नाइट मोड, ऑटो ब्राइटनेस, व्हिव्हिड वगैरे मोड सगळं बंद, आणि मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी (बहुतेक स्क्रीन आणि फोटोंसाठी ठरलेली रंगांची व्यवस्था) किंवा ६५०० केल्विन (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) असेल तर ते निवडा.

पण डोळ्यांनी उजेड जुळतो, रंग जुळत नाहीत. त्यासाठी स्क्रीनवर टेकवायचा कॅलिब्रेटर लागतो. तो एकामागून एक रंग दाखवून मोजतो आणि तुमच्या मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगांची नोंद असलेली फाइल, बनवतो. मॉनिटर अर्धा तास आधी चालू ठेवा, टार्गेट ६५०० केल्विन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसायच्या त्याचं माप) २.२ द्या, आणि महिन्याने एकदा परत करा कारण पॅनेल हळूहळू बदलत जातं. फोटो प्रिंटिंगवर पैसे घालायचेच असतील तर महागडा कागद घ्यायच्या आधी हे घ्या, किंवा कुणाकडून एका दिवसापुरतं मागून आणा, असं माझं ठाम मत आहे.

प्रिंटरच्या सेटिंगवर जायच्या आधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी प्रिंटरचीच टेस्ट प्रिंट, काढा, दोन मिनिटांचं काम आहे. त्या बारीक रेघांच्या जाळीत कुठे रेघ तुटलेली दिसली म्हणजे तो रंग नीट पडत नाहीये, मग तुम्ही प्रोफाइल कितीही बदला, काही होणार नाही. हेड क्लीनिंग (ती छिद्रं साफ करायची प्रिंटरमधली सोय) एकदा करा, फार तर दोनदा. तरी रेघ तुटकच असेल तर प्रिंटर काही तास तसाच राहू द्या आणि परत चेक करा, लागोपाठ क्लीनिंग मारत बसलं की शाई नुसती वाया जाते.

आता आयसीसी प्रोफाइल. नाव जड आहे, काम सोपं: हा प्रिंटर, ही शाई आणि हा कागद एकत्र आले की कुठला आकडा दिल्यावर कागदावर प्रत्यक्षात कुठला रंग पडतो, याचा तो तक्ता असतो. म्हणजे तिघांपैकी एक जरी बदलला तरी तक्ता बदलतो. ग्लॉसीचं प्रोफाइल मॅट कागदाला चालत नाही, आणि ओरिजिनल शाईचं प्रोफाइल दुसऱ्या कंपनीच्या शाईला चालेलच असं नाही. फोटो पेपर बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आपल्या वेबसाइटवर प्रिंटरच्या मॉडेलप्रमाणे प्रोफाइल फुकट देतात. सोबतच्या सूचनेत ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंट देताना उघडणाऱ्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, कुठला मीडिया टाइप (कागदाचा प्रकार) निवडायचा ते लिहिलेलं असतं, तोच निवडा, कारण कागदावर शाई किती ओतायची हे प्रिंटर त्यावरून ठरवतो.

आणि आता ती चूक जिने माझे सगळ्यात जास्त कागद खाल्ले. रंग सांभाळायचं काम एकानेच करायचं, एकतर सॉफ्टवेअरने नाहीतर प्रिंटरच्या ड्रायव्हरने. दोघांनी केलं की दुरुस्तीवर दुरुस्ती होते आणि प्रिंटवर बहुतेक वेळा गुलाबीसर छटा चढते. माझ्याकडे एका पोर्ट्रेटमध्ये राखाडी स्वेटर होता, कागदावर तो चक्क फिक्या वांग्याच्या रंगाचा आला, आणि मी तासभर फोटोतला मॅजेंटा कमी करत बसलो होतो. फोटोशॉपच्या प्रिंट विंडोमध्ये कलर हँडलिंगला "फोटोशॉप मॅनेजेस कलर्स" ठेवलं आणि खाली कागदाचं प्रोफाइल निवडलं, तर ड्रायव्हरमधली कलर करेक्शन बंद केलीच पाहिजे. एप्सनला ती "नो कलर अॅडजस्टमेंट" नावाने सापडते, कॅननला रंगांची सेटिंग "मॅन्युअल"वर ठेवून त्यात मॅचिंग "नन" करायचं. शिवाय फोटो एन्हान्स, ऑटो करेक्ट असलं काही टिक केलेलं असेल तर तेही काढा. तुमच्या अॅपमध्ये प्रोफाइल निवडायची सोयच नसेल तर उलटं करा, फाइल एसआरजीबीमध्ये ठेवा आणि सगळं ड्रायव्हरवर सोडा. प्रिंटरच्याच कंपनीची शाई आणि कागद असेल तर त्यातूनही चांगली प्रिंट येते, कमीपणा मानायचं काही कारण नाही.

एक गैरसमजही इथेच काढून टाकू. प्रिंटरमध्ये सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक शाई असते म्हणून फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांच्या हिशोबात, बदलू नका. घरगुती इंकजेटचा ड्रायव्हर आरजीबीच (लाल, हिरवा, निळा) मागतो आणि पुढची विभागणी स्वतः करतो.

पहिली टेस्ट आपल्या लाडक्या फोटोवर नको. त्वचेचे वेगवेगळे रंग आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी पट्टे असलेली टेस्ट इमेज घ्या, नेटवर फुकट मिळतात. नजर त्या राखाडी पट्ट्यांवर ठेवा. लाल थोडा जास्त लाल झाला तर पटकन कळत नाही, पण राखाडीत जरा हिरवट किंवा गुलाबी झाक आली की डोळ्याला लगेच खुपते.

पट्टे स्वच्छ आले की मग सॉफ्ट प्रूफ. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूतल्या प्रूफ सेटअपमध्ये कागदाचं प्रोफाइल निवडून कंट्रोल वाय दाबा, म्हणजे कागदावर काय येणार त्याचा अंदाज स्क्रीनवर दिसतो. फोटो एकदम मरगळल्यासारखा दिसेल, विशेषतः मॅट कागदाला, कारण मॅटवर काळा रंग ग्लॉसीइतका गडद येतच नाही. आता, आणि फक्त आता, फोटोला हात लावा, तोही मूळ फाइलला नाही तर कॉपीला. रेंडरिंग इंटेंट, म्हणजे कागदाला न झेपणाऱ्या रंगांचं काय करायचं ते ठरवणारी सेटिंग, दोन्ही प्रकारे बघा: रिलेटिव्ह कलरीमेट्रिकमध्ये कागदाला झेपणारे रंग जसेच्या तसे राहतात आणि न झेपणारे कडेला आणून बसवले जातात, परसेप्चुअलमध्ये सगळेच थोडे आवळले जातात. गडद निळं पाणी किंवा भडक फुलं असतील तर परसेप्चुअल, बाकी मी रिलेटिव्ह आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला काळा कागदाच्या काळ्याशी जुळवून घेणारी सोय) चालू ठेवतो.

पूर्ण पान काढायच्या आधी फोटोतली चेहऱ्याची किंवा सावलीची एक पट्टी छोट्या तुकड्यावर काढून बघा. आणि बाहेर आल्या आल्या निकाल देऊ नका, डाय शाई (विरघळलेल्या रंगाची शाई) सुकता सुकता रंग बदलते, एक दिवस थांबलेलं बरं. बघायचं ते खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही. पिवळ्या बल्बखाली हीच प्रिंट पिवळी दिसणार, त्याला प्रिंटर काय करणार. फोटो जिथे लावायचाय तिथला दिवा पिवळा असेल तर शेवटची पट्टी तिथेच नेऊन भिंतीला टेकवून बघा, आणि जी पसंत पडेल तिच्या मागे मार्करने कागद, प्रोफाइल, मीडिया टाइप, इंटेंट आणि तारीख लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता येतं.