अडकलेला क्रँक हब: रविवारी पाना हातात घेण्याआधी

मुंबईची खारी दमट हवा आणि पावसाळ्यात चाकामागून उडणारं पाणी, यांमुळे कारच्या इंजिनच्या क्रँकच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावरचा हब, म्हणजे बेल्टच्या पुलीचा मधला भाग, असा धरून बसतो की बोल्ट निघाला तरी तो जागचा हलत नाही. काम रविवारी करायचं असेल तर खरेदी शनिवारीच उरका, कारण नागदेवी स्ट्रीटची बहुतेक हत्यारांची दुकानं रविवारी बंद असतात. जागा सपाट हवी. सोसायटीच्या उतारावर किंवा स्टॅक पार्किंगमध्ये गाडी उचलूच नका. जॅकखेरीज दोन मजबूत जॅक-स्टँड लागतील. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, हबच्या बाजूचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर उतरवा, बेल्ट बाजूला करा.

आदल्या संध्याकाळी हब आणि क्रँकच्या सांध्यावर आणि चावीच्या (हबला क्रँकवर फिरू न देणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) खाचेत गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा. डॅम्परच्या, म्हणजे पुलीतल्या हादरे शोषणाऱ्या, रबरावर उडालेलं लगेच पुसा.

बोल्टसाठी अर्ध्या इंची ड्राइव्हचा ब्रेकर बार, सहा कोनी इम्पॅक्ट सॉकेट आणि बारवर चढेल असा सुमारे मीटरभर लांब पाइप घ्या. बारा कोनी सॉकेट घसरून डोकं गोल करतं. क्रँक फिरू नये म्हणून मॅन्युअल गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून कुणाला तरी ब्रेक दाबून बसवा. ऑटोमॅटिकला हे चालत नाही, तिथे फ्लायव्हील किंवा पुली धरणारं त्या इंजिनचं हत्यार मिळवा. बार चेसिसला टेकवून स्टार्टर मारण्याची युक्ती सोडून द्या. बार सुटला तर हाड मोडतं, शिवाय जुन्या होंडांची काही इंजिनं उलट फिरतात, तिथे बोल्ट आणखी आवळला जातो.

आता पुलर, म्हणजे हब ओढून काढायचं हत्यार, आणि खरी चूक इथेच होते. तीन पायांचा पुलर पुलीच्या बाहेरच्या कडेला लावला की ओढ मधल्या रबरावर येते आणि बाहेरचा रिंग सुटतो किंवा वाकडा होतो. ओढ हबवरच यायला हवी. हबच्या तोंडावर दोन-तीन आट्यांची भोकं असतील, तर त्यात बोल्ट बसवून ओढणारा पुलर घ्या. भोकं बहुधा एम6 किंवा एम8ची (6 किंवा 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टची) असतात. एम8 असेल तर 1.25 पिचचे, पूर्ण आट्यांचे, 8.8 ग्रेडचे, 75 ते 100 मिलिमीटरचे बोल्ट जास्तीचे आणा. मऊ बोल्ट भोकातच तुटतो आणि मग तो काढणं हेच मोठं काम होऊन बसतं. बोल्ट आधी हाताने फिरवून पाहा: एम8चा किमान 12 मिलिमीटर आत गेला पाहिजे, पण पलीकडे निघून टायमिंग कव्हरला टेकता कामा नये. पुलरचा मधला स्क्रू थेट क्रँकच्या भोकात घुसला तर आतले आटे जातात. पुलरसोबत येणारी टोपी लावा, नाहीतर भोकात सैल जाणारी, तळाला टेकून जराशी बाहेर राहणारी पोलादी सळई ठेवा. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावा. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे आत आहेत ना, हे पाहा. हब तिरका ओढला तर आणखी फसतो.

तरीही हलेना? स्क्रूवर ताण ठेवून तासभर थांबा, पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर हलके ठोके द्या, पुन्हा पाव फेरा. हबवर किंवा क्रँकवर घण नको, क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगला मार बसतो. गरम करायचंच तर फक्त हॉट एअर गन वापरा, तीही स्प्रे नीट पुसून, कारण तो पेट घेतो. गॅसच्या ज्वाळेने रबर आणि मागचं ऑइल सील दोन्ही जातात.

नवं ऑइल सील आणि मॅन्युअल सांगत असेल तर नवा बोल्ट आणूनच सुरुवात करा. अंशात (ठरावीक कोनातून फिरवून) आवळायचे बोल्ट बहुधा पुन्हा वापरायचे नसतात. चावी झिजली असेल तर तीही बदला. हब निघाल्यावर सील जिथे घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर नव्या सीलमधूनही तेल गळेल. तिथे स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवा किंवा हब बदला. बसवताना ठोकायचं नाही. क्रँकच्या आट्यांचा लांब स्टड, जाड वॉशर आणि नट तयार ठेवा, नट आवळत हब आत सरकवा. शेवटी टॉर्क रेंच लागेलच, आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या.