विज्ञानकथेतला ऋणनिर्देश: कोणाचा, किती आणि कुठे

कथा लिहून झाल्यावर श्रेयाचा विचार करायला बसलात, तर उशीर झालेला असतो. सहा महिन्यांपूर्वी वाचलेली कल्पना तोवर आपलीच वाटू लागते. म्हणून वाचतानाच टिपणवहीत लेखक, पुस्तक, आवृत्तीचं वर्ष आणि पान क्रमांक लिहा. वाक्य जसंच्या तसं उतरवलं असेल तर लगेच अवतरणचिन्हं घाला. ती विसरली की दुसऱ्याचं वाक्य नकळत कथेत शिरतं.

मग नोंदी निवडा. प्रकाशाचा वेग, गुरूचं वस्तुमान अशा सर्वमान्य माहितीला श्रेय लागत नाही. एखाद्या संशोधकाची खास कल्पना असेल, तर नाव द्याच. कॉपीराइट कल्पनेला नसतो, मांडणीला असतो; तरीही हे ऋण मान्य करायला हवं. खरा घोटाळा होतो तो उपमांमध्ये. समजावून सांगण्यासाठी लेखकाने रचलेली उपमा किंवा दाखला हे त्याचं लेखन आहे. नुसतं नाव दिल्याने ते उचलायची मुभा मिळत नाही. स्वतःची उपमा शोधा. लांब उतारा हवाच असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या.

जिथे वाचलं त्या पुस्तकापाशी थांबू नका, त्याच्या टिपांमधून मुळापर्यंत जा. अवकाश-उद्वाहकाचंच (जमिनीवरून थेट अवकाशात नेणाऱ्या लिफ्टचंच) पाहा: रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीने १८९५ मध्ये प्रचंड उंच मनोरा कल्पिला, रशियन अभियंते आर्त्सुतानोव यांनी १९६० मध्ये भूस्थिर कक्षेतून (जिथला उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो तिथून) खाली सोडलेली तार सुचवली आणि अमेरिकन अभियंते पिअर्सन यांनी १९७५ मध्ये ती कल्पना स्वतंत्रपणे मांडली. तुमच्या कथेत तार असेल, तर एकट्या त्सिओल्कोव्स्कीचं नाव पुरत नाही.

कल्पनेत काय बदललं, हेही लिहा. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांच्या १९६० च्या निबंधावरून ताऱ्याभोवतीचं अखंड कवच अनेक कथांत आलं, पण त्यांना स्वतःला अभिप्रेत होता तो सुट्या वस्तूंचा थवा. कवच त्यांच्या नावावर खपवणं म्हणजे न केलेलं विधान त्यांच्या तोंडी घालणं. (डायसन यांनीही ही कल्पना विज्ञानकथाकार स्टेपलडन यांच्या १९३७ च्या कादंबरीतून सुचल्याचं मोकळेपणाने सांगितलं होतं.) विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांच्या १९७९ च्या उद्वाहक-कादंबरीचा ऋणनिर्देश या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे: श्रीलंकेसारखं बेट विषुववृत्तावर यावं म्हणून ते ८०० किलोमीटर दक्षिणेला सरकवल्याचं त्यांनी तिथे सांगून टाकलं.

ऋणनिर्देशाची टीप कथेच्या शेवटी द्या. सुरुवातीला दिली तर रहस्य फुटतं. लघुकथेला तीन-चार वाक्यं पुरतात, कादंबरीला एखादं-दोन पानं. मजकूर साधा ठेवा: ‘तारेची कल्पना आर्त्सुतानोव (१९६०) आणि पिअर्सन (१९७५) यांची. तारेचं स्वतःहून सांधणं माझी कल्पना. चुका माझ्या.’ फक्त पुस्तक वाचलं असेल तर ‘यांच्या मार्गदर्शनाखाली’ लिहू नका. संशोधकाने कथा तपासली, असा समज होतो. प्रत्यक्ष मदत घेतली असेल, तर नाव छापण्याआधी त्यांना टीप दाखवा. नियतकालिकाला कथा पाठवताना टीप त्याच फाइलमध्ये जोडा. वेगळी पाठवलेली टीप छपाईत सहज गळते.