सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन स्वतः कसे घ्यावे

क्लस्टर डोकेदुखीचा (एका डोळ्याभोवती उठणाऱ्या अतितीव्र डोकेदुखीचा) झटका १५ मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो, त्यामुळे गोळीचा गुण येईपर्यंत तो पुष्कळदा ओसरूनही गेलेला असतो. अर्धशिशीत उलट्या सुरू झाल्या, तर गोळी पोटात टिकतच नाही. अशा रुग्णांना डॉक्टर सुमाट्रिप्टानचे त्वचेखाली टोचायचे इंजेक्शन लिहून देतात, आणि त्याचा परिणाम साधारण १० ते १५ मिनिटांत जाणवू लागतो. हे औषध आलेला झटका थांबवण्यासाठी आहे. झटका येऊच नये म्हणून ते घ्यायचे नसते.

ते मेंदूभोवतीच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, पण हृदयाच्या रक्तवाहिन्याही त्यातून पूर्णपणे सुटत नाहीत. म्हणून हृदयविकार, पूर्वी येऊन गेलेला पक्षाघात, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्यांनी ते घेऊ नये. मागच्या २४ तासांत अर्धशिशीवरचे अर्गोटामाइन किंवा दुसरे ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्याच गटातले औषध) घेतले असेल, तरीही ते टाळावे. नैराश्यावरची औषधे चालू असतील, तर ती डॉक्टरांना आधीच सांगावीत. मधुमेह, धूम्रपान किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्यांनी पहिला डोस दवाखान्यातच घेतलेला बरा.

इंजेक्शनचे पेन, म्हणजे औषध भरलेले टोचण्याचे उपकरण, वापरण्याची पद्धत डोके शांत असताना शिकून घ्यावी, कारण ठणक सुरू झाल्यावर माहितीपत्रकातली बारीक अक्षरे वाचवत नाहीत. अर्धशिशीत डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसू लागल्या, पण डोके अजून दुखू लागलेले नाही, अशा वेळी थांबावे. दुखणे सुरू होताच इंजेक्शन घ्यावे. आधी मुदत पाहावी आणि औषध स्वच्छ दिसते का ते पाहावे. ते गढूळ असेल किंवा त्यात कण दिसत असतील, तर वापरू नये. मांडीची किंवा दंडाची बाहेरची बाजू पुसून कोरडी होऊ द्यावी. टोपण अगदी टोचण्याच्या वेळीच काढावे आणि पुन्हा बसवू नये. पेन त्वचेवर काटकोनात टेकवून दाबावे व लगेच उचलू नये. बहुतेक पेनांत सुमारे पाच सेकंद दाबून धरावे लागते, नाहीतर औषध त्वचेवरच ओघळते. शिरेत किंवा स्नायूत हे इंजेक्शन कधीही घेऊ नये.

त्यानंतर अंगात ऊब पसरते, मुंग्या येतात, मान आणि जबडा जड वाटतो. पहिल्यांदा माणूस घाबरतो खरा, पण बहुतेकदा हे थोड्या वेळात जाते. छातीत कळ आली, दडपण वाढत गेले, धाप लागली किंवा बोलणे अडखळू लागले, तर मात्र वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. गुंगी येऊ शकते, म्हणून वाहन चालवू नये.

प्रौढांसाठी एका वेळचा नेहमीचा डोस ६ मिलिग्रॅम असतो. थांबलेले दुखणे परत आले, तर किमान एका तासाने दुसरे इंजेक्शन घेता येते, पण २४ तासांत दोनांपेक्षा जास्त नाही. अर्धशिशीत पहिल्या इंजेक्शनाने काहीच फरक पडला नसेल, तर त्याच झटक्यासाठी दुसरे टोचण्यात सहसा अर्थ नसतो. अशा वेळी डॉक्टरांशी बोलावे.

कोणत्या तारखेला इंजेक्शन घेतले याची नोंद ठेवावी. महिन्यात १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान लागू लागले, तर अर्धशिशीच्या रुग्णांत औषधामुळेच डोके दुखत राहण्याची शक्यता असते, आणि तेव्हा प्रतिबंधक उपचार सुरू करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.